माणसात दुष्टपणा खरंच असतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या निर्घृण खुनाची बातमी आली की आपण म्हणतो, "हा माणूस नव्हेच, राक्षस आहे," आणि पुढच्या बातमीकडे वळतो. माझा आक्षेप त्या वळण्याला आहे. राक्षस म्हटलं की विषय मिटतो, आपला त्याच्याशी काही संबंध उरत नाही. खाली जे प्रश्न घेतले आहेत ते चर्चेत, वर्गात आणि घरी पुन्हा पुन्हा निघतात. उत्तरं शक्य तिथे घडलेल्या गोष्टींच्या आधारानं दिली आहेत.

थोडक्यात सांगा, माणूस मुळात दुष्ट असतो का?

नसतो, आणि मुळात सज्जनही नसतो. दुसऱ्याला दुखवण्याची ताकद आणि दुसऱ्याच्या दुःखानं कळवळण्याची ताकद, दोन्ही जन्मतः आपल्यात असतात. त्यातलं काय केव्हा वर येईल हे स्वभावावर अवलंबून असतंच. पण आजूबाजूला काय खपवून घेतलं जातं आणि "मी हे करणार नाही" म्हणणारं कुणी शेजारी उभं आहे का, यावरही ते तितकंच अवलंबून असतं. मात्र एवढ्यावरून दुष्टपणा हा निव्वळ भास आहे असं कुणी म्हणू लागलं तर ते मला मान्य नाही. दुष्ट कृत्यं खरी असतात, ती माणसंच करतात, आणि बहुतेक वेळा कळून-सवरून करतात.

कोणत्या वागण्याला दुष्टपणा म्हणायचं?

रागाच्या भरात हात उगारणं वाईट. निष्काळजीपणानं गाडी चालवून कुणाला चिरडणं त्याहून वाईट. तरीही दुष्टपणा हा शब्द मी त्या वागण्यासाठी राखून ठेवेन जिथे करणाऱ्याला समोरच्याचं दुःख दिसत असतं, समोरचा प्रतिकार करू शकत नसतो, थांबणं शक्य असतं आणि तरीही तो थांबत नाही. त्याला त्यात मजा वाटलीच पाहिजे असं नाही. मजा घेणारे थोडेच असतात. निर्विकारपणे किंवा "माझा नाइलाज आहे" असं म्हणत करणारे फार.

लहान मुलं तर निरागस असतात. मग दुष्टपणा जगच शिकवतं ना?

एखाद्या बालवाडीत अर्धा तास बसून पाहा. एका गाडीवर दोघांचा डोळा असतो. एक ओढतो, दुसरा सोडत नाही, मग पहिला त्याच्या दंडाला कडकडून चावतो आणि गाडी घेऊन शांतपणे खेळू लागतो. चावलेला मुलगा भोकाड पसरतो. तेवढ्यात तिसरी एक मुलगी, जिचा या भांडणाशी काही संबंध नाही, आपली पाण्याची बाटली आणून त्याच्यापुढे धरते. चावणाऱ्या मुलाला किंवा त्या मुलीला यातलं काही कुणी शिकवलेलं नसतं.

संशोधनही याच्याशी जुळतं. कॅनडातल्या रिचर्ड ट्रेम्बले यांनी मुलांच्या वाढीचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मारणं, ढकलणं, चावणं यांचं प्रमाण साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात सर्वांत जास्त असतं आणि पुढे बहुतेक मुलांमध्ये ते उतरत जातं, असं त्यात आढळलं. म्हणजे मूल मारायला शिकत नाही, न मारायला शिकतं. उलट बाजूनं, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दीड वर्षाच्या मुलांसमोर मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडली आणि त्याला ती घेता येईना, तेव्हा कुणी न सांगता, बक्षीस न देता, मुलांनी ती उचलून दिली.

सहा महिन्यांची बाळंही दुसऱ्याला मदत करणारी, म्हणजे 'चांगली' बाहुली निवडतात, असा एक गाजलेला निष्कर्ष इंटरनेटवर वारंवार दिसतो. अलीकडे अनेक प्रयोगशाळांनी मिळून तो प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. त्यामुळे त्यावर फार विसंबू नये.

पण जोशी-अभ्यंकर प्रकरणातले आरोपी वेगळ्याच मातीचे नव्हते का?

महाराष्ट्रात हा प्रश्न आला की हे नाव निघतंच. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा जणांचे खून झाले. त्यात जोशी कुटुंबातले तिघं होते, अभ्यंकरांच्या घरातले पाच जण होते, आणि त्या पाचांत संस्कृतचे ज्येष्ठ पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकरही होते. संध्याकाळ झाली की पुणेकर दारं लावून घेत, रस्ते ओस पडत. जे पकडले गेले ते कलेचं शिक्षण घेणारे तरुण विद्यार्थी निघाले. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली, पाचवा माफीचा साक्षीदार झाला.

आई-वडील, कॉलेज, मित्र, सगळं त्यांना होतं. पहिला बळी त्यांच्याच ओळखीचा विद्यार्थी होता आणि हेतू होता खंडणीचा. तो खून पचला म्हणून पुढचे झाले. मला या प्रकरणात सर्वांत भयंकर वाटतं ते हेच, की प्रत्येक पायरीवर परत फिरायला वाट होती. एका घरातून दुसऱ्या घराकडे जाताना मधे कित्येक आठवडे गेले. त्या आठवड्यांत ते जेवले, झोपले, शहरात हिंडले. त्यांना वेगळ्या मातीचं ठरवलं की या आठवड्यांचं काय करायचं, हा प्रश्नच आपण टाळतो.

ठीक आहे, ते गुन्हेगार होते. साधी, संसारी माणसं असं करतील का?

करतील. केलं आहे. आणि त्याची नोंद त्यांच्याच तोंडून झालेली आहे.

१९४२ च्या उन्हाळ्यात जर्मनीच्या हँबुर्ग शहरातून राखीव पोलिसांची बटालियन १०१ नाझी जर्मनीनं व्यापलेल्या पोलंडमध्ये पाठवली गेली. पाचशेहून थोडी कमी माणसं. बहुतेक मध्यमवयीन, गोदीत काम करणारे, ट्रक चालवणारे, कारकून; सैन्यात घेण्याचं वय उलटलेले. १३ जुलैच्या पहाटे त्यांना युझेफूव नावाच्या गावाबाहेर उतरवण्यात आलं. बटालियनचा प्रमुख मेजर विल्हेल्म ट्राप याला डोळ्यांतलं पाणी आवरत नव्हतं. त्यानं हुकूम सांगितला: कामाला धडधाकट असलेले ज्यू पुरुष वेगळे काढायचे, बाकीच्यांना, म्हणजे बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांना, जंगलात नेऊन गोळ्या घालायच्या. आणि मग त्यानं जे म्हटलं ते या विषयावर विचार करणाऱ्या प्रत्येकानं वाचलं पाहिजे. वयानं मोठ्या असलेल्यांपैकी ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी पुढे यावं, त्यांना दुसरं काम दिलं जाईल.

एक जण पुढे आला. त्याचा कॅप्टन त्याच्यावर भडकला, पण ट्रापनं त्या माणसाला पाठीशी घातलं. ते पाहून आणखी दहा-बारा जण पुढे आले. बाकीचे उभेच राहिले. त्या दिवशी सुमारे १,५०० माणसं मारली गेली. दिवसभरात आणखी काही जणांनी काम बदलून मागितलं किंवा मुद्दाम झाडांमागे रेंगाळत वेळ काढला. पण बहुसंख्यांनी गोळ्या झाडल्या. पुढच्या दीड वर्षात याच बटालियननं किमान ३८,००० ज्यूंना गोळ्या घातल्या आणि सुमारे ४५,००० जणांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाड्यांत भरलं.

१९६० च्या दशकात त्यांचे जबाब घेतले गेले. पस्तिशीत असताना तिथे गेलेल्या एका धातुकामगारानं सांगितलं, की त्यानं फक्त मुलांना मारलं. त्याच्या शेजारचा शिपाई आईला गोळी घालायचा आणि हा तिच्या मुलाला. आईशिवाय ते मूल जगणार नाहीच, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. एवढ्या क्रौर्यातही त्याला स्वतःच्या नजरेत भला माणूस राहायचं होतं. मला तर वाटतं, दुष्टपणाचा सगळ्यात जवळून घेतलेला फोटो हाच.

त्यांनी नकार दिला असता तर त्यांनाच मारलं असतं ना?

नाही. निःशस्त्र लोकांना मारायला नकार दिला म्हणून जर्मन शिपायाला देहदंड झाल्याचं एकही सिद्ध उदाहरण युद्धानंतरच्या खटल्यांत बचाव पक्षाला दाखवता आलं नाही. याच बटालियनमधला एक लेफ्टनंट हँबुर्गचा लाकडाचा व्यापारी होता. आदल्या रात्री हुकूम कळताच, बायकामुलांवर गोळ्या घालण्याच्या कामात मी भाग घेणार नाही, असं त्यानं सांगितलं. त्याला दुसरं काम मिळालं.

मग बाकीचे का थांबले नाहीत? त्यांच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा येतं ते हे: सोबत्यांसमोर भेकड ठरायचं नव्हतं, आणि घाणेरडं काम दुसऱ्यांवर ढकलून आपण बाजूला होणं बरं दिसत नव्हतं. यावर इतिहासकारांत मोठा वाद झाला. काहींचं म्हणणं, खरं कारण वर्षानुवर्षं भिनवलेला ज्यूद्वेष होता. माझ्या मते ती दोन कारणं एकमेकांच्या आड येत नाहीत. समोरचा माणूस आपल्यातला नाही हे आधीच ठरलेलं असल्याशिवाय, त्याच्या जिवापेक्षा सोबत्यांतली आपली पत मोठी वाटणार नाही.

विजेच्या झटक्यांचा तो प्रसिद्ध प्रयोग काय सिद्ध करतो?

सांगितलं जातं त्यापेक्षा थोडं कमी, आणि वेगळं. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्राम यांनी लोकांना एका 'विद्यार्थ्याला' चुकीच्या उत्तराबद्दल वाढत्या तीव्रतेचे झटके द्यायला सांगितलं. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. सगळीकडे हाच आकडा फिरतो.

पण मिलग्रामनी हा प्रयोग अनेक प्रकारे केला. एका प्रकारात सहभागी माणसाच्या शेजारी आणखी दोन 'शिक्षक' बसवले होते, आणि ते ठरल्याप्रमाणे मधेच उठून "आम्ही पुढे करणार नाही" म्हणत. तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी फक्त ४ उरले. माणूस तोच, खोली तीच, यंत्र तेच. मला हा आकडा पहिल्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो आणि तो इतका कमी का सांगितला जातो हे कळत नाही. युझेफूवमध्येही पहिला पुढे आल्यावरच बाकीचे दहा-बारा आले होते.

प्रयोगावर टीकाही झाली आहे. काही सहभागींना सगळं नाटक आहे असा संशय होता. शिवाय लोक आंधळेपणानं हुकूम पाळत नव्हते. विज्ञानासाठी आपण काही चांगलं करतोय असं त्यांना वाटत होतं, असा एक नवा अर्थ लावला जातो. तो मला पटतो.

आणि स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग?

१९७१ चा हा प्रयोग फिलिप झिंबार्डो यांना सहा दिवसांत थांबवावा लागला. विद्यार्थ्यांना पहारेकरी केलं आणि ते आपोआप क्रूर झाले, अशी त्याची ख्याती. नंतर बाहेर आलेल्या ध्वनिफिती आणि कागदपत्रांवरून पहारेकऱ्यांना कडक वागायला सांगितलं गेलं होतं हे दिसतं. पुरावा म्हणून तो वापरू नये.

गुन्हेगारी जनुकात किंवा मेंदूत असते का?

थोडा भाग असतो. दुसऱ्याच्या वेदनेचा मनावर फारसा परिणामच होत नाही अशी काही माणसं असतात. मानसशास्त्रात त्यांना सायकोपॅथ म्हणतात आणि ढोबळ अंदाजानं त्यांचं प्रमाण लोकसंख्येत शंभरात एकाच्या आसपास धरलं जातं. त्यातले बहुतेक कधी कुणाचा खून करत नाहीत.

१९६६ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहरात चार्ल्स व्हिटमननं आई आणि बायकोला मारून विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून गोळीबार केला. आपल्या मेंदूत काही बिघाड आहे का ते तपासा, असं त्यानं लिहून ठेवलं होतं. शवविच्छेदनात गाठ सापडली. त्या गाठीमुळेच हे घडलं का, यावर डॉक्टरांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. असल्या गाठी घेऊन जगणारी कितीतरी माणसं कुणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत.

आपल्या समाजात, देवभक्त घरांत, असा दुष्टपणा असतो का?

महाडचं चवदार तळं आठवा. मुंबई विधिमंडळानं सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये केला होता, महाड नगरपालिकेनंही त्याला मान्यता दिली होती. तरी अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना तळ्याचं पाणी मिळत नव्हतं. गुरंढोरं तिथे पाणी पीत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेच्या लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. थोड्याच वेळात, हे लोक आता देवळात घुसणार अशी हूल उठवली गेली, आणि मंडपात जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. पानातलं अन्न मातीत गेलं. पुढे तळ्यात पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' करण्यात आलं. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडलं.

लाठी घेऊन धावलेल्यांपैकी बहुतेकांनी सकाळी देवपूजा केली असेल. त्यांना आपण अन्याय करतोय असं वाटत नव्हतं, धर्म राखतोय असं वाटत होतं. एखाद्या पिढीला दुष्टपणा करायला कष्टच पडू नयेत, तो रोजच्या रीतीत बसवून ठेवलेला असावा, यापेक्षा मोठी सोय दुष्टपणाला कुठली? आणि लाठी न उचलता घराच्या खिडकीतून पाहत राहिलेले होतेच.

पण याच महाडमध्ये नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस परिषदेच्या बाजूनं उभे होते. डिसेंबरमध्ये मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्मानं ब्राह्मण होते. तीच रीत, तेच संस्कार यांच्याही वाट्याला आले होते. म्हणून 'त्या काळी सगळेच तसे होते' हे वाक्य मला सहन होत नाही. सगळे तसे नव्हते.

संतांनी आणि धर्मग्रंथांनी काय म्हटलं आहे?

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी आणि आसुरी अशा दोन संपत्तींची वाटणी आहे, आणि आसुरी वृत्तीच्या माणसांबद्दल तिथली भाषा कठोर आहे. त्याच गीतेवर भाष्य केल्यावर ज्ञानेश्वर शेवटी देवाकडे जे मागतात त्यात दुर्जनांचा नाश कुठेच नाही. खळांचा वाकडेपणा जावो, त्यांना सत्कर्माची गोडी लागो, एवढंच मागणं आहे. ज्यांच्या आई-वडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं, ज्या भावंडांना गावानं वाळीत टाकलं, त्यांच्यातल्या एकाचं हे मागणं आहे. पसायदान शाळेत आपण इतक्यांदा म्हटलेलं असतं की यातलं धाडस जाणवतच नाही.

परिस्थितीच माणसाला घडवत असेल तर शिक्षा कशाला?

कारण त्याच परिस्थितीत कुणीतरी नकार दिलेला असतो. हँबुर्गच्या व्यापाऱ्याला जे शक्य झालं ते त्याच्या सोबत्यांना अशक्य नव्हतं. नाझी नेत्यांवर चाललेल्या न्युरेंबर्गच्या खटल्यातही वरिष्ठांचा हुकूम होता ही सबब निर्दोष सुटण्यासाठी चालली नाही.

मात्र परिस्थिती समजून घेतली की जबाबदारी वरपर्यंत जाते, आणि ती जायलाच हवी. ट्रापला १९४८ मध्ये पोलंडमध्ये फाशी झाली. त्याच्या हाताखालचे कितीतरी जण हँबुर्गला परतून पुन्हा पोलिसात लागले, आणि १९६७-६८ मध्ये खटला चालला तो मोजक्यांवरच. ज्यांनी हुकूम दिले, ज्यांनी द्वेष पिकवला आणि ज्यांनी गोळी झाडली, तिघांचा हिशेब वेगळा व्हावा, पण प्रत्येकाचा व्हावा.

खून केलेला माणूस बदलू शकतो का?

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकारानं ती उभी राहिली. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंती नसलेल्या जागी ठेवायचं, कसायला जमीन द्यायची, बायकामुलांना सोबत राहू द्यायचं. १९५७ चा एक गाजलेला हिंदी चित्रपट याच कल्पनेवर बेतला होता. आज ही खुली वसाहत राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे. कैदी तिथे संसार करतात, शेती करतात, आणि पळून जाणं सोपं असूनही राहतात.

अशा ठिकाणी वर्तणूक पाहूनच कैदी निवडले जातात, त्यामुळे तुरुंगातला प्रत्येक जण असा बदलेल हे यावरून म्हणता येत नाही. आणि ज्या घरातला माणूस मारला गेला, त्यांनी माफ करावं असा आग्रह धरायचा अधिकार कुणालाच नाही. पण हातून खून झालेला माणूस आयुष्यभर खुनीच वागत राहतो, हा समज तिथली शेतं रोज खोटा पाडतात.

रोजच्या आयुष्यात याचा उपयोग काय?

हॉस्टेलमधलं रॅगिंग घ्या. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे, तरी ते होतं. खोलीत दहा जण असतात. दोघं छळतात, सात जण कसंनुसं हसतात, एक रडतो. त्या सातांतल्या एकानं "बास, सोडा त्याला" म्हटलं, तर दुसरा बोलण्याची शक्यता एकदम वाढते. घरी मुलांशी बोलताना "वाईट मुलांपासून लांब राहा" एवढंच सांगून थांबू नका. हसणाऱ्या सातांत तू असलास तर काय करशील, हेही विचारा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या जातीला किंवा धर्माला किड्यामुंगीची उपमा देणारा मेसेज आला, तर पहिला आक्षेप तुमचा असू द्या.

माझ्या मनात क्रूर विचार येतात. म्हणजे मी दुष्ट आहे का?

गच्चीच्या कठड्याशी उभं असताना शेजारच्याला ढकलण्याचा विचार चमकून जाणं, हातात सुरी असताना भलतंच मनात येणं, तान्ह्या बाळाला आपल्याच हातून इजा होईल अशी नव्या आईला भीती वाटणं, हे फार जणांना होतं. तुम्हाला त्या विचाराची किळस येते, भीती वाटते, यावरूनच तो तुमचा हेतू नाही हे कळतं. असे विचार पाठ सोडत नसतील, झोप आणि काम बिघडवत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. त्यावर चांगले उपचार आहेत. आणि विशिष्ट माणसाला इजा करण्याचा बेत मनात शिजत असेल, तर तिथून लांब व्हा आणि आजच जवळच्या कुणाला तरी सांगा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.